प्रमाणित पोटदुखी

माझं पोट दुखतं. आठवड्यातून तीन दिवस, सकाळच्या सत्रात, मधे चहाची सुट्टी. उजवीकडे बरगडीखाली कळ येते आणि पाठीत जाते. तेलकट खाल्लं की वाढते. ताप बेताचा. उलटी एकदा झाली, नंतर नुसतंच मळमळलं. हे सगळं मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल, कारण याचा मला पगार मिळतो.

काळजी करू नका, माझं पित्ताशय ठणठणीत आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात नकली पेशंटचं काम करते. परीक्षेला बसलेली मुलं एकेक करून खोलीत येतात, मला प्रश्न विचारतात, पोट दाबतात, मी कण्हते, ती घाबरतात, घंटा वाजते, पुढचा आत येतो. तो गेला की मी त्याला गुण देते. नीट ऐकून घेतलं का, धीर दिला का, माणसासारखा वागला का. या कामाला कागदावर 'प्रमाणित रुग्ण' असं भारदस्त नाव आहे. आणि आता खरी गंमत ऐका. मी स्वतः डॉक्टर आहे. या देशात डॉक्टर म्हणून मला कुणी कुत्रं विचारत नाही, पण रुग्ण म्हणून मी प्रमाणित आहे.

तिकडे, आमच्या देशात, मी सात वर्षं एका सरकारी इस्पितळात मेडिसिनचा वॉर्ड सांभाळला. खाटा कमी, माणसं जास्त आणि वरिष्ठ डॉक्टर कायम मीटिंगला. नवऱ्याला इकडे नोकरी लागली म्हणून लेकीला घेऊन इकडे आले, इथल्या सगळ्या परीक्षा दिल्या, चांगल्या गुणांनी पास झाले. मला वाटलं, सुटले. कसलं काय! पुढे रेसिडेन्सी नावाची पायरी असते. इथल्या इस्पितळात काही वर्षं शिकाऊ डॉक्टर म्हणून राबायचं, तेव्हा कुठे आपल्या सहीने औषध लिहिता येतं. त्याच्या जागा मोजक्या आणि आमच्यासारखी बाहेरून शिकून आलेली माणसं ढिगाने. जागा मिळायला काय लागतं? इथला अनुभव. इथला अनुभव कशाने मिळतो? जागा मिळाली की. हा नियम ज्याने केला तो माणूस घराला कुलूप लावताना किल्ली आतच ठेवत असणार. मला एकदा त्याच्या बायकोशी बोलायचं आहे.

शिवाय पदवीला दहा वर्षं झाली की अर्जच घेत नाहीत. पदवी म्हणजे जणू दूध, तारीख उलटली की ओतून द्या. माझी तारीख यंदा संपत होती. यंदा जागा नाही मिळाली तर या देशात मी पुन्हा कधीच डॉक्टर होणार नव्हते. "मग परत जा की," असं लोक अगदी सहज सांगतात. नवऱ्याची नोकरी इथे, लेकीची शाळा इथे, आणि मी काय, एकटीने बॅग उचलून जाऊ? मला दोन्ही हवं होतं. घर हवं होतं आणि वॉर्डही हवा होता. यात हावरटपणा काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

नकली पेशंट होण्याआधी मी 'निरीक्षण' नावाचा प्रकार करून पाहिला होता. त्यात आपण फी भरायची आणि या महाविद्यालयाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांच्या मागे मागे फिरायचं, हात पाठीमागे बांधून. बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. एकदा एका आजीबाईंच्या अंगावरची चादर सरकली. त्या कुडकुडत होत्या आणि सगळे डॉक्टर त्यांच्या रक्ताच्या रिपोर्टवर चर्चा करत होते. मी पुढे होऊन चादर वर ओढली. "मॅडम, हात!" एक जण ओरडला. मी दचकून हात मागे घेतले, आजी माझ्याकडे बघून ओशाळल्या आणि रिपोर्टवरची चर्चा पुढे सुरू झाली. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "अरे, यापेक्षा चोराला जास्त मान असतो. तो निदान हात तरी लावतो." त्या महिन्यानंतर मी निरीक्षण बंद केलं.

त्याच महाविद्यालयाच्या कॅन्टीनमध्ये चिठ्ठी लागली होती, 'पेशंट पाहिजेत, पूर्वानुभवाची गरज नाही.' इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं की अनुभव नसला तरी चालेल. माझे तर डोळेच भरून आले. दुसऱ्या दिवशी जाऊन मी आजारी पडले.

आम्हा नकली पेशंटांची एक छोटी खोली आहे. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर मागून बांधायचे निळे झगे, एक आरसा आणि एक केटल. तिथले सगळ्यांत जुने पेशंट म्हणजे काका. काका जन्मभर नाटकात होते, बहुतेक वेळा भाला धरून मागे उभे. इथे मात्र त्यांना प्रमुख भूमिका आहे, छातीत दुखण्याची. ते इतकं सुंदर घामाघूम होतात की एकदा एका विद्यार्थ्याने खरीच ॲम्ब्युलन्स बोलावली होती. काकांनी ती गोष्ट मला चारदा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी त्यात ॲम्ब्युलन्स वाढत जातात.

पहिल्याच आठवड्यात काकांनी मला रडायला शिकवलं. "पोरी, नाक वाहू द्यायचं नाही. नाक वाहिलं की बघणाऱ्याला किळस येते. डोळ्यांत पाणी आणायचं, तिथेच थांबवायचं, आणि ओठ जरासा थरथरवायचा. बस्स." मी सराव केला. आरशात बघून ओठ थरथरवताना मला माझ्या मेडिकल कॉलेजचा पदवीदान समारंभ आठवला आणि मग थरथरवावा लागला नाही. "शाबास," काका म्हणाले, "पण नाक सांभाळ."

आता मोठे सर. ते विभागाचे प्रमुख आणि मोठे बुद्धिमान. मुलांना शिकवायचं असलं की त्यांना आम्ही लागतो. सर झपाझप आत यायचे, "पित्ताशय आलंय का?" असं विचारायचे. पित्ताशय म्हणजे मी. काका म्हणजे 'छाती'. मी कॉटवर आडवी असायची, सर दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम करायचे आणि माझ्या बरगडीखाली बोटं ठेवून मुलांकडे बघत बोलायला लागायचे. "श्वास घ्यायला सांगा. घ्या श्वास. बघा, अर्ध्यात अडकला. का अडकला?" सरांचा हात फार चांगला होता, खोटं कशाला बोलू. असा हात मी फार थोड्या डॉक्टरांचा पाहिलाय. पण दोन वर्षं माझं पोट दाबताना त्यांनी एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मुलंही मग तेच शिकली. पोट दाबताना पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचं असतं, दुखतं ते आधी तिथे दिसतं, हे तिकडे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पण पित्ताशयाने बोलायचं नसतं. मी छताकडे बघत पडून राहायची. छतावर ओल येऊन एक पिवळा डाग पडलाय, त्याचा आकार मला पाठ आहे.

आईचा फोन यायचा. "अगं, मिळाली का जागा?"

"अजून नाही, आई. पण इस्पितळातच असते मी."

"बरं झालं. पेशंट कसे आहेत तुझे?"

"एकच आहे. काही सुधारणा नाही."

"औषध बदलून बघ," आई म्हणायची. तिने तिकडे सगळ्यांना सांगितलं होतं की आमची ही परदेशात मोठ्या हॉस्पिटलात आहे. खोटं नव्हतंच ते. मी फोन ठेवायची आणि भांडी जरा जोरात घासायची.

त्या वर्षी मी अर्ज केले ते गावोगावच्या इस्पितळांना केले. मुलाखतीचं बोलावणं आलं एकाच ठिकाणाहून. कुठून, ओळखा. आमच्याच महाविद्यालयाच्या इस्पितळातून, मोठ्या सरांच्या विभागातून. मग मी गुरुजींना गाठलं.

गुरुजी म्हणजे आमच्यासारख्या डॉक्टरांना मुलाखतीसाठी घडवणारा माणूस. स्क्रीनवर दिसतात, मागे खोट्या पुस्तकांचं कपाट असतं. त्यांना स्वतःला जागा कधीच मिळाली नाही, त्यामुळे जागा कशाने मिळत नाही याचा त्यांचा अभ्यास दांडगा आहे.

"तुमच्या अपयशाचा एक प्रसंग सांगा, असं ते विचारणारच," गुरुजी म्हणाले. "सांगून दाखवा."

मी सांगितला. तिकडे एका दुपारी वीज गेली आणि जनरेटर चालेना. श्वास लागलेल्या एका बाईला मी आणि तिचा मुलगा आळीपाळीने हाताने पिशवी दाबून श्वास देत बसलो. दुसऱ्या इस्पितळातून गाडी येणार होती, ती आली नाही. दिवस मावळताना बाई गेली. तो मुलगा मला म्हणाला, "डॉक्टर, थांबा आता. तुमचे हात दुखत असतील."

गुरुजींनी नाक मुरडलं. "हे नको. यात वीज गेलीय. वीज गेलेली इथे आवडत नाही. आणि बाई कशाला मेली?"

"मला विचारून नाही मेली."

"चिडू नका मॅडम. अपयश असं हवं की ज्यात कुणाचं काहीच बिघडत नाही." मग त्यांनी मला तयार अपयश दिलं. नर्सने एक सूचना केली, मी घाईत नीट ऐकली नाही, रुग्णाला काही झालं नाही, पण मी आत्मपरीक्षण केलं आणि तेव्हापासून मी उत्तम श्रोता आहे. ते शेवटचं वाक्य हसत म्हणायचं, दात दिसू न देता. मी ते आरशासमोर घोकलं. लेक विचारायला लागली, "आई, तुझे दात दुखतायत का?"

मग गुरुजी मुलाखतीसाठी भरून द्यायच्या माझ्या माहितीपत्रकाकडे वळले आणि दचकलेच. "हे काय, नकली पेशंट? तुम्हाला डॉक्टर व्हायचंय का सर्कशीत जायचंय? काढा ते आधी!"

"पण मग दोन वर्षं रिकामी दिसतील."

"लिहा, कौटुंबिक जबाबदाऱ्या. बायकांच्या बाबतीत ते खपतं."

नवऱ्याला हे अजिबात पटलं नाही. "अगं, तू तिथेच काम करतेस ना? सरळ लिही की तसं. लाज कसली?"

"तुला काय कळतंय त्यातलं!" मी खेकसले. "मी तिथे झगा घालून कण्हते. हे लिहू? सात वर्षं वॉर्ड चालवला आणि आता पोट दुखल्याचा आव आणते, असं लिहू?"

"चांगलं कण्हतेस पण," तो म्हणाला. मी त्याला खोलीतून हाकललं, आणि गुरुजींनी सांगितलं तसं लिहून टाकलं. लाज वाटतच होती मला, उगाच नाकारण्यात काय अर्थ आहे?

मुलाखतीच्या आदल्या दिवशी झगे घडी करून ठेवताना काका म्हणाले, "उद्या तिथे ॲक्टिंग करू नकोस बरं का. तुला येत नाही."

"काका, मग दोन वर्षं मी करतेय काय?"

"तू आठवतेस. तुझे तिकडचे पेशंट तुला आठवतात आणि तू त्यांच्यासारखी कण्हतेस. ती काय ॲक्टिंग नव्हे. ॲक्टिंग मी करतो." आणि भाला धरल्यासारखे ताठ उभे राहून त्यांनी मला आशीर्वाद दिला. खरं होतं त्यांचं. ते पित्ताशय माझं नव्हतंच. तिकडच्या एका भाजीवालीचं होतं. ती कण्हताना सारखी माफी मागायची, "डॉक्टरीणबाई, तुम्हाला त्रास देते." तिचं वाक्य मी परीक्षेत वापरते, आणि एखादाच विद्यार्थी त्यावर "अहो, त्रास कसला" म्हणतो. त्याला मी पूर्ण गुण देते.

मुलाखतीला आम्ही बरेच जण बाहेर बाकावर बसलो होतो. सगळे इस्त्रीतले, आणि त्यातले निदान चार जण दात न दाखवता हसत होते. गुरुजींची लेकरं, दुसरं काय. आतून शिपाई आला आणि म्हणाला की मीटिंगच्या खोलीला रंग लागतोय, म्हणून मुलाखती प्रात्यक्षिकाच्या खोलीत घेत आहेत. माझं नाव पुकारलं आणि मी आत गेले.

तीच खोली. तीच खिडकी, तोच पिवळा डाग, कागद अंथरलेली तीच कॉट. टेबलामागे तिघं बसले होते. मधे मोठे सर, एका बाजूला प्रशासनाच्या बाई, दुसऱ्या बाजूला एक तरुण डॉक्टर. समोर एक खुर्ची.

"बसा," सर म्हणाले.

आणि मी सरळ जाऊन कॉटवर बसले. नुसती बसले नाही, चपला काढल्या, पाय वर घेतले, पाठीमागे हात नेऊन झग्याच्या गाठी चाचपायला लागले. गाठी सापडेनात तेव्हा कळलं की मी चांगल्यातला कोट घातलाय. जगात दुसरा कुठलाही डॉक्टर मुलाखतीला जाऊन पेशंटच्या कॉटवर बसला नसेल. हा गाढवपणा करायला माणूस माझ्यासारखाच तयार झालेला हवा.

"इकडे खुर्ची आहे," प्रशासनाच्या बाई म्हणाल्या. तरुण डॉक्टर खाली बघून गालात हसला. मी चपला शोधल्या, एक कॉटखाली गेली होती, ती ओढून काढली आणि खुर्चीत येऊन बसले. तोंड तापलं होतं. मी गुरुजींचं हसू हसले.

बाईंनी विचारलं, "तुमच्या अपयशाचा एखादा प्रसंग?"

"एकदा एका नर्सने मला एक सूचना केली, पण मी घाईत..."

"...नीट ऐकली नाही," बाई म्हणाल्या. "रुग्णाला काही झालं नाही. आत्मपरीक्षण केलं. पुढे?"

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "सकाळपासून ही चौथी नर्स. या बिचारीचं कुणीच कसं ऐकत नाही?"

सरांनी माझं माहितीपत्रक उलटसुलट केलं. "परीक्षा उत्तम आहेत तुमच्या. पण इथला अनुभव काहीच नाही. गेली दोन वर्षं तर कौटुंबिक जबाबदाऱ्या. दोन वर्षं पेशंटपासून लांब राहिलं की हात विसरतो, मॅडम. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. याच माणसाने दोन वर्षं माझं पोट पीठ मळावं तसं मळलं होतं, आणि मला सांगत होता पेशंटपासून लांब! एक मन म्हणत होतं, गप्प बस, हस, गुरुजी आठव. ही शेवटची संधी आहे. दुसरं मन म्हणालं, शेवटची आहे ना? मग कुणासाठी राखून ठेवतेस?

"सर, मी दोन वर्षं तुमच्याच विभागात आहे," मी म्हणाले.

"माझ्या विभागातला प्रत्येक माणूस मी ओळखतो."

"चेहऱ्याने नसाल ओळखत."

मी उठले. या वेळी चपला नीट जोडीने ठेवल्या. कॉटवर आडवी झाले, गुडघे वाकवले, छतावरच्या डागाकडे पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टर, जेवल्यापासून इथे कळ येतेय हो. पाठीत जाते. माफ करा, तुम्हाला त्रास देते."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग हात हातावर चोळल्याचा. सरांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांचे पाय आपोआप आले, जसे माझे मघाशी कॉटकडे गेले होते. बरगडीखाली ती ओळखीची बोटं टेकली. "घ्या श्वास," सर सवयीने म्हणाले. मी घेतला आणि बरोबर अर्ध्यात अडकवला.

"अरे!" सर म्हणाले. "पित्ताशय!"

आणि मग, दोन वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्ही?" त्यांचा हात अजून माझ्या पोटावरच होता. तो त्यांनी चटका बसल्यासारखा काढला. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"हो ना. योगायोग बघा." मी उठून बसले. आता तोंड सुटलंच होतं. "तुमच्या गेल्या दोन तुकड्यांना धीर देण्याचे आणि ऐकून घेण्याचे गुण मी दिलेत, सर. कुणाचे हात गार असतात, कोण घड्याळ बघतं, कोण दुखवून सॉरी म्हणतं, मला विचारा. माझ्याकडून पास झालेली मुलं तुम्हाला डॉक्टर म्हणून चालतात. मी चालत नाही."

तरुण डॉक्टर खाकरला. "सर, मी मॅडमना आल्या आल्याच ओळखलं होतं. यांनी मला पहिल्या खेपेला नापास केलं होतं."

"मग बोलला का नाहीस?" सर ओरडले.

"नापास केलं होतं म्हणूनच," तो म्हणाला. "पण घड्याळ बघत होतो मी, ते खरं आहे." हे ऐकून बाई पहिल्यांदाच मनापासून हसल्या. त्यांनी मला विचारलं, "हे तुम्ही लिहिलं का नाहीत?"

"लाज वाटली," मी म्हणाले. एवढंच उत्तर होतं आणि ते घोकलेलं नव्हतं.

मग सरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, बूट काढले आणि ते कॉटवर आडवे झाले. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. एवढा मोठा माणूस, पण आडवा झाला की सगळे सारखेच लहान दिसतात. "हं," ते छताकडे बघत म्हणाले, "आता तुम्ही तपासा."

मी स्टूल ओढून बसले. दोन वर्षांत मी एकाही पेशंटला हात लावला नव्हता. मी हात चोळून गरम केले. मग विचारलं, "नाव काय तुमचं?"

सर गोंधळले. "माझं नाव तर..."

"पेशंटचं विचारतेय."

त्यांनी नाव सांगितलं, पुरं, वडिलांच्या नावासकट, हळू आवाजात. मी त्यांना नावाने हाक मारून कुठे दुखतं ते विचारलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघत हात पोटाकडे नेला, तेवढ्यात सर जोरात कण्हले.

"सर, मी अजून हात लावला नाहीये."

"बरं, बरं," सर म्हणाले. ॲक्टिंगमध्ये ते काकांच्या पासंगालाही पुरले नसते. मी तपासलं, सावकाश, दुखत नाही त्या बाजूने सुरुवात करून, डोळे त्यांच्या डोळ्यांवर ठेवून. आणि काय सांगू, हात काही विसरला नव्हता. बोटांना सगळं ठाऊक होतं. मला तिथेच रडू येणार होतं, पण पेशंट घाबरला असता. सर उठून बसले तेव्हा बाईंनी परत विचारलं, "अपयशाचा खरा प्रसंग आहे का एखादा?" मग मी त्यांना वीज गेलेली ती दुपार सांगितली, बाईच्या मरणासकट आणि मुलाच्या शेवटच्या वाक्यासकट. सर बूट हातात धरून ऐकत होते.

निकाल लागला त्या सकाळी परीक्षा होती. मी झगा घालून आमच्या खोलीत बसले होते, काका घाम यावा म्हणून जागच्या जागी उड्या मारत होते. फोनवर ईमेल आली. निवड झाली होती. खाली कारणही दिलं होतं, 'उमेदवाराचा दोन वर्षांचा स्थानिक अनुभव लक्षात घेऊन.' मी ते पुन्हा वाचलं. सात वर्षं खऱ्या माणसांना बरं केलं, त्याचा एक शब्द नव्हता. भाजीवाली नव्हती, पिशवी दाबणारा मुलगा नव्हता. दोन वर्षं खोटी आजारी पडले, त्याचं चीज झालं. आईला काय सांगणार होते मी? आई, जागा मिळाली, पोट दुखल्यामुळे मिळाली.

हसायला आलं आणि हसता हसता रडायलाच लागले. भसाभसा, झग्याच्या बाहीत तोंड खुपसून. तो राग होता का आनंद होता, मला सांगता येणार नाही, दोन्ही असणार.

काका उड्या थांबवून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली.

"छे छे," काका म्हणाले, "हे काही पटत नाहीये, पोरी. नाक बघ किती वाहतंय."